बुधवारी तंजावर? मग राजवाडा मंगळवारीच

प्रश्न : फेब्रुवारीत मदुराई-रामेश्वर करून आम्ही तंजावरला जाणार आहोत. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मंगळवारी दुपारी बाराला पोचू, बुधवारी रात्रीच्या गाडीने चेन्नई. बेत असा आहे: मंगळवारी आराम आणि संध्याकाळी देवळाची रोषणाई. बुधवारी नाश्ता करून दहाला देऊळ, साडेबाराला राजवाडा आणि सरस्वती महाल, चारला गाडीने कुंभकोणम-दारासुरम. ड्रायव्हर म्हणतो दोन्ही दिवस गाडी ठेवा. नवरा म्हणतो, गाव लहान आहे, चालत होईल. कोणाचं ऐकू? सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि तिथला मराठी शिलालेख नेमका कुठे आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नवऱ्याचं ऐका, पण तुमचा बेत उलटा करा. आत्ता लिहिलाय तसा नेलात तर बुधवारी दुपारी सरस्वती महालाच्या बंद दारासमोर उभ्या राहाल.

सरस्वती महाल म्हणजे राजवाड्यातलं ग्रंथसंग्रहालय, आणि ते बुधवारी बंद असतं. दीड दिवसात राजवाडा एकदाच होणार, तर तो मंगळवारी दुपारीच उरकायला हवा. आरामासाठी ठेवलेली मंगळवारची दुपार त्यात जाईल खरी, पण बुधवारी दुपारी तुम्हाला सक्तीचा आराम मिळणारच आहे. बृहदीश्वराचं देऊळ साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं. गावातली बाकीची देवळंही दुपारी मिटलेली असतात. तंजावरात अंतरं किरकोळ आहेत, फसवणूक होते ती वेळांची. ज्यांचा बेत बिघडतो त्यांचा बहुधा साडेबारा ते चार या साडेतीन तासांमुळेच बिघडतो.

आधी गावाचा नकाशा डोक्यात बसवून घ्या, म्हणजे गाडीचा प्रश्न आपोआप सुटेल. जुनं तंजावर म्हणजे एकमेकांना खेटून असलेले दोन किल्ले. नैर्ऋत्येला धाकटा किल्ला, त्यात बृहदीश्वर, त्याच्या उत्तरेला शिवगंगा तलाव आणि तलावाच्या बागेत श्वार्ट्झचं चर्च. ईशान्येला थोरला किल्ला, त्यात राजवाडा आणि राजवाड्याच्या चहूबाजूंना चार हमरस्ते: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. तटबंदी बरीचशी गेली, पण नावं राहिली आहेत. रस्त्याच्या पाटीवर ‘अलंगम’ दिसलं की तिथून तट जात होता असं समजायचं. देवळाच्या महाद्वारापासून राजवाड्याचं दार सव्वा-दीड किलोमीटर, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. रेल्वे स्टेशन, जुना बसस्टँड आणि बरीचशी हॉटेलं या दोन्ही किल्ल्यांच्या दक्षिणेला, गांधीजी रोडच्या आसपास. म्हणजे दोन दिवसांत सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर चालणं. त्यासाठी गाडी दिवसभर उभी करून ठेवणं म्हणजे पार्किंग शोधत हिंडणं. मदुराईची गाडी मंगळवारी हॉटेलवर सोडून द्या. सासूबाईंसाठी फक्त देऊळ-राजवाडा या टप्प्याला रिक्षा करा, आणि भाडं बसण्याआधी ठरवा.

हॉटेल घेताना पोहणतलाव नंतर विचारा. आधी विचारा ते हे, की खोली बुधवारी कितीपर्यंत ठेवता येईल? तमिळनाडूत पुष्कळ हॉटेलांत चोवीस तासांचा हिशेब असतो: दुपारी बाराला आलात तर दुसऱ्या दिवशी बाराला बाहेर. तुम्हाला खोली नेमकी बारा ते संध्याकाळपर्यंतच लागणार आहे. म्हणून बुकिंग करतानाच अर्ध्या दिवसाचे जादा पैसे ठरवून घ्या. आयत्या वेळी मागितलंत तर एकही खोली मिळेलच असं नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला साडेतीन तास हॉटेलच्या पायरीवर बसवणं बरं नव्हे. हॉटेल देवळापासून किंवा जुन्या बसस्टँडपासून चालत जाण्याजोगं हवं. नवा बसस्टँड गावाबाहेर आहे, स्वस्त खोल्यांच्या मोहानं तिकडे जाऊ नका.

मंगळवार दुपार : राजवाडा

बाराला पोचलात की सामान टाका आणि आधी जेवा. केळीच्या पानावरचं ‘मील्स’ बारा ते तीनच्या आतच मिळतं. तीननंतर स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि संध्याकाळच्या टिफिनपर्यंत, म्हणजे फराळापर्यंत, कॉफीखेरीज फारसं काही हाती लागत नाही. (तिथलं सांबार खाताना ते संभाजीराजांच्या नावावरून आल्याची गोष्ट कोणीतरी सांगेलच. गोष्ट गोड आहे, पुरावा कुणी दाखवलेला नाही. मुलाला सांगा, पण इतिहास म्हणून नको.)

अडीचला राजवाड्यात. पूर्व हमरस्त्यावरून आत शिरायचं. ही एक इमारत नाही. तंजावरच्या नायक राजांनी १६ व्या शतकात सुरू केलेला आणि पुढे भोसल्यांनी वाढवलेला हा वाड्यांचा, चौकांचा पुंजका आहे. कलादालन, दरबार, मनोरा, राजघराण्याचं संग्रहालय, ग्रंथसंग्रहालय यांची दारं आणि तिकिटं वेगवेगळी आहेत, आणि काही दालनं दुपारच्या जेवणाला बंद होतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा. पहिल्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: कुठलं दालन आत्ता उघडं आहे आणि कुठलं किती वाजता मिटतं? पुढचा क्रम त्यावर ठरवा. लोक दारातल्या पहिल्या दालनात तासभर रेंगाळतात आणि सरस्वती महालाशी पोचतात तेव्हा शिपाई कुलूप शोधत असतो.

म्हणून सरस्वती महाल आधी. जनतेसाठी खुला असतो तो संग्रहालयाचा भाग, आणि तो एका मोठ्या खोलीएवढाच आहे. हजारो पोथ्यांची कपाटं दिसतील या अपेक्षेनं जाल तर हिरमुसाल. मूळ संग्रह आत अभ्यासकांसाठी असतो. त्यात एकट्या मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या वर आहे, मोडी कागद निराळे. ग्रंथालय मुळात नायकांच्या काळचं. ते आज ज्यासाठी ओळखलं जातं ते सगळं तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या हौसेचं. काचेखाली ताडपत्रं, जुने नकाशे, आणि माणसाचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी ताडून काढलेली युरोपीय चित्रं आहेत. मुलगा त्या चित्रांपाशी सगळ्यात जास्त थांबेल, थांबू द्या. फोटोला परवानगी नसते. बाहेर ग्रंथालयाच्याच प्रकाशनांचा विक्री विभाग आहे. त्यात मराठी पुस्तकंही असतात, भोसल्यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचीसुद्धा. ती मुंबई-पुण्यात सहज मिळत नाहीत. तंजावरहून काही घरी न्यायचंच असेल तर आमची पहिली शिफारस हीच.

मग कलादालन. इथे ब्राँझच्या मूर्ती पुष्कळ आहेत, आणि पुष्कळ असणं हीच अडचण. दहाव्या मूर्तीनंतर सगळे नटराज एकसारखे दिसू लागतात. एक मूर्ती ठरवून शोधा: तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव, इ. स. १०११ चा. केसांची पगडीसारखी गुंडाळी, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकलेला, आणि उजवा हात कशावर तरी रेललाय असा हवेत. रेललाय तो नंदीवर, पण नंदीच आता नाही. नसलेल्या बैलाच्या पाठीचा उंचवटा त्या कोपराच्या वळणावरून कळतो. मूर्तीला बाजूनं फेरी मारा, समोरून ही गंमत निम्मीच दिसते. शेजारच्या पार्वतीसकट दहा मिनिटं इथे द्या आणि बाकीचं दालन चालता चालता बघा. त्याच भागात सरफोजींचा हात जोडलेला पांढरा संगमरवरी पुतळा आहे.

मराठा दरबाराच्या रंगवलेल्या कमानी आणि खांब बघायला वीस मिनिटं पुरतात. काही ठिकाणी रंग उडालेत, काही ठिकाणी नवे चढवलेत, दोन्हींतला फरक डोळ्यांना लगेच कळतो. मनोऱ्यावर चढायला मिळेलच असं धरून जाऊ नका. जिना कधी उघडा असतो, कधी नसतो, आणि अंधारा, अरुंद आहे. सासूबाईंनी त्या फंदात पडूच नये. मुलाला मात्र तिथला व्हेलचा सांगाडा दाखवा. राजवाड्यात व्हेल कशाला, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर वाहून आलेला देवमासा आहे तो.

एवढं सगळं करायला अडीच-तीन तास. पाय दुखतात ते चालण्यानं कमी आणि उभं राहण्यानं जास्त, म्हणून सासूबाईंना सरस्वती महाल आणि कलादालन एवढंच दाखवा. बाकी वेळ त्यांना चौकातल्या सावलीत बसू दे.

मंगळवार संध्याकाळ : रोषणाई नव्हे, तिन्हीसांज

साडेपाचला देवळात. रोषणाई बघायची म्हणून साडेसातला जाऊ नका. देऊळ साडेआठच्या सुमारास मिटतं आणि दिव्यांच्या पिवळ्या झोतात दगडाचा खरा रंग हरवतो. फेब्रुवारीत तिथे सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. त्याआधीचा अर्धा तास विमानाचं, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराचं, पश्चिमेकडचं अंग तांबूस होतं. मग अंधार, मग दिवे. एका बैठकीत तिन्ही मिळतात.

निघण्याआधी कालनिर्णय उघडा. त्या दिवशी प्रदोष असेल तर चार ते सहा या वेळात नंदीला अभिषेक असतो आणि अंगण माणसांनी फुललेलं असतं. गर्दी हवी असेल तर याहून चांगला दिवस नाही. नको असेल तर सातनंतर जा.

मंगळवारी काही ‘बघायचं’ नाही, फक्त बसायचं. नंदीमंडप आणि मुख्य देऊळ यांच्यामधल्या पटांगणात गावची माणसं संध्याकाळी पोरांना घेऊन येऊन बसतात, डबे उघडतात, गप्पा मारतात. तुम्हीही बसा. सासूबाईंना इथे कुणी ‘चला चला’ म्हणणार नाही.

बुधवार सकाळ : सहाला, दहाला नव्हे

देऊळ सहाला उघडतं. साडेसहापर्यंत पोचा. कारण एकच, तळपाय. सगळं अंगण अनवाणी चालायचं आहे, आणि ते लहान नाही: साधारण २४० मीटर लांब, १२० मीटर रुंद. फेब्रुवारीतही दहानंतर फरशी चटका देऊ लागते, अकराला माणसं काथ्याच्या पट्ट्यांवरून उड्या मारत पळताना दिसतात. अशा धावपळीत कोणी शिलालेख वाचत नाही. जाड सुती मोजे चौघांचेही पिशवीत टाका, त्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. नायलॉनचे नकोत, गुळगुळीत पायऱ्यांवर घसरतात.

आत जाताना तीन दारं लागतात आणि ती उलट्या काळाची आहेत. सगळ्यात बाहेरचं मराठ्यांच्या काळचं. त्याच्या आतली दोन हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाची: आधी केरळांतकन, म्हणजे केरळावरच्या विजयाची आठवण, मग राजराजन. तिसऱ्या दाराशी दोन्ही बाजूंना द्वारपाल आहेत, त्यांच्या पायाशी मुलाला उभं करा म्हणजे माप कळेल. याच दारात थांबून मागेपुढे बघितलं की कित्येक शतकांचं अंतर काही पावलांत ओलांडल्याचं लक्षात येतं.

देऊळ १०१० मध्ये पुरं झालं. विमान ६० मीटरांच्या आसपास उंच, तेरा मजल्यांचं, सगळं ग्रॅनाइटचं, आणि ग्रॅनाइट तंजावरच्या कावेरीच्या गाळात कुठेच नाही, तो लांबून आणला. एवढी खरी गोष्ट पुरेशी थक्क करणारी आहे. तरी गाइड तुम्हाला आणखी दोन सांगतील. एक, विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. सकाळी पश्चिमेला पडते, संध्याकाळी पूर्वेला, आणि तुम्हाला तिचाच उपयोग करायचा आहे: सकाळी देवळाच्या मागच्या बाजूला फिरलात तर सावलीतून फिराल. दोन, माथ्यावरचा घुमट ऐंशी टनांची एकच शिळा आहे. तो अनेक तुकडे जुळवून केलेला असल्याचं अभ्यासक सांगतात. गाइडशी वाद घालू नका, पण मुलाला सावली बोटानं दाखवा.

क्रम असा ठेवा. आत शिरल्यावर आधी दर्शन, कारण सातच्या आत रांग नसते. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. सासूबाईंना बाजूच्या कठड्याचा आधार घेऊन, एक पायरी दोन दमांत चढू द्या. नाहीच जमलं तर नंदीपाशी उभं राहून समोर पाहिलं तरी दर्शन होतं. नंदी एकाच दगडाचा, सुमारे चार मीटर उंच, आणि तो चोळांच्या काळचा नसून नायकांच्या काळचा आहे.

बाहेर आल्यावर विमानाच्या पायथ्याशी जा आणि भिंतीच्या जोत्यावर बघा. डोळ्यांच्या उंचीच्या खाली, ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. वाचता येणार नाहीत, पण त्यांत काय आहे हे माहीत असेल तर पाय थबकतात. कोणी कुठला दागिना दिला, कुठल्या दिव्याला किती मेंढ्यांचं तूप, हा जमाखर्च आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तिकांची नावं आहेत, आणि प्रत्येकीचं घर कुठल्या गल्लीत, कितवं, हेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीची हजेरीवहीच म्हणा.

आता तुमच्या शिलालेखाकडे. देवळाला पाठ न करता दक्षिणेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नेहमीच्या प्रदक्षिणेच्या दिशेनं चालत राहा. अंगणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे, सरफोजींच्या काळातलं. त्या कोपऱ्यातल्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर देवनागरीत मराठी मजकूर कोरलाय, तोच. १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास दगडात लिहवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत तो गणला जातो. म्हणून एका पाटीएवढा दगड शोधू नका, भिंतच्या भिंत बघा. पुष्कळ मराठी माणसं गणपतीला नमस्कार करून याच्या शेजारून निघून जातात, कारण बाणाची पाटी शोधत असतात. पहिल्या पाच मिनिटांत काही लागत नाही. मग एखादं नाव लागतं, ‘राजे’ लागतं, आणि तिथून पुढे डोळा सरावतो. सगळं वाचायचा हट्ट नको. प्रत्येकानं आपापला एक हात लांबीचा तुकडा निवडून त्यातले पाच शब्द लावायचे, एवढा खेळ मुलासाठी बास. अक्षरांना हात लावू नका, खडू-पावडर तर मुळीच नको. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरलात की कोरीव कडा उठून दिसतात.

मुलानं विचारलं, मराठी इथे कशी, तर थोडक्यात: शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७५ च्या सुमारास इथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य इथे होतं. देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त आजही त्याच घराण्यातले आहेत. मात्र रस्त्यात मराठी ऐकू येईल या आशेवर राहू नका. तंजावरी मराठी आहे ती घराघरांत, आणि पुष्कळशी चेन्नई-बंगळूरला गेलेली. गावात तमिळच चालते. चार शब्द पुरतात: पेरिय कोविल म्हणजे हे देऊळ, अरण्मनै म्हणजे राजवाडा, एव्वळवु म्हणजे किती, वेण्डाम म्हणजे नको.

तिथून पुढे वायव्येला सुब्रह्मण्याचं देऊळ आहे, नायकांच्या काळचं. थोरल्या देवळाच्या धिप्पाडपणानंतर त्याचं बारीक नक्षीकाम पाहिलं की मंडळी कुजबुजत बोलू लागतात. त्याच्या बाहेरच्या भिंतींना एक फेरी घाला. मुख्य विमानाच्या आतली चोळकालीन भित्तिचित्रं सर्वसामान्यांसाठी बंद आहेत, त्यांची छायाचित्रं आवारातल्या माहिती-दालनात लावलेली असतात. उघडं असेल तर बघा, नसेल तर त्यापायी थांबू नका.

हे सगळं साडेआठ-पावणेनऊला आटोपतं. मग टिफिन: पोंगल, वडा, फिल्टर कॉफी. कॉफी गोड नको असेल तर आधी सांगायला लागतं, सांगितलं नाहीत तर साखर गृहीत.

बुधवारची बाकीची सकाळ आणि दुपार

सासूबाईंना रिक्षानं हॉटेलवर सोडा. तुम्ही तिघं देवळाच्या उत्तरेला शिवगंगा बागेत श्वार्ट्झ चर्चला जा. ते १७७९ चं, दिसायला साधं. आत बघायचं ते लंडनच्या जॉन फ्लॅक्समननं कोरलेलं संगमरवरी शिल्प: मरणशय्येवरचा मिशनरी श्वार्ट्झ आणि शेजारी त्याचा हात धरून उभे सरफोजी. लहानपणी त्यांचं शिक्षण याच माणसाच्या देखरेखीखाली झालं होतं, आणि हे शिल्प त्यांनीच करवून घेतलं. चर्च प्रार्थनेच्या वेळा सोडून बंद असू शकतं. आसपास रखवालदार असेल तर नम्रपणे विचारा, नसेल तर बागेतून पुढे निघा.

पश्चिम हमरस्त्यानं उत्तरेकडे चालत गेलात की बंगारू कामाक्षीचं देऊळ लागतं. ही कामाक्षी कांचीपुरमहून १८ व्या शतकात युद्धाच्या धामधुमीत इथे आणली गेली आणि इथेच राहिली. कर्नाटक संगीतातले श्यामा शास्त्री हिच्याच पुजाऱ्यांच्या घरातले. देऊळ लहान आहे, पण बाराच्या आत पोचा. मुलाला पूर्वेकडच्या अलंगमवरची राजगोपाल तोफ बघायची असेल तर तिकडे रिक्षा करा. ती ओतीव नाही, लोखंडाच्या पट्ट्या जुळवून, वरून कड्या चढवून घडवलेली आहे, हे जवळून कड्या मोजताना कळतं. साडेअकराला ऊन तापलं की बाकी सगळं सोडून परत. जेवण, झोप.

चारला कुंभकोणम-दारासुरम? आमच्या मते नको. अंतर ३५-४० किलोमीटर, जाऊन-येऊन अडीच तास रस्त्यात, दारासुरमला पोचेपर्यंत उन्हं उतरलेली. रात्रीची गाडी असताना परतीच्या वाटेवर घड्याळाकडे बघत बसाल. दारासुरमचं कोरीवकाम बोटभर उंचीच्या आकृत्यांचं आहे, त्याला सकाळ द्यावी लागते. तुमची चेन्नईची गाडी कुंभकोणमवरून जाणारी असेल तर एक वाट आहे: बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून घ्यायचं, सामान टॅक्सीत घालून दारासुरम बघून कुंभकोणमलाच रेल्वे पकडायची. पण मग खोलीतली दुपार आखडते, आणि सासूबाईंचा विचार करता आम्ही ते सुचवणार नाही.

त्याऐवजी तिरुवैयारु, १३ किलोमीटर. पाच नद्यांचं गाव, कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी कावेरीकाठी. रिक्षा किंवा टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याचा तासभर त्यातच धरून. पाचला पोचायचं, समाधीपाशी बसायचं, पंचनदीश्वराचं देऊळ बघायचं, सातच्या आत परत. फेब्रुवारीत त्यांच्या जानेवारीतल्या आराधना उत्सवाची गर्दीही सहसा ओसरलेली असते.

राहिली खरेदी. तंजावर चित्र घ्यायचं तर उभ्या उभ्या घेऊ नका. उठावाचं काम खडूच्या लेपाचं, वर सोन्याचा वर्ख, मग काचेचे खडे. किंमत ठरते ती वर्खावर. खरा वर्ख काळा पडत नाही, नकली काही वर्षांत डाग धरतो, आणि दुकानात दोन्ही सारखेच झळकतात. बिलावर वर्खाचा प्रकार लिहून द्यायला सांगा. दुकानदार का-कू करू लागला की उत्तर मिळालंच. फळी फणसाच्या लाकडाची सांगतात, पुष्कळदा प्लायवुड असते. तेही चालतं, पण मग भाव त्याप्रमाणे हवा. काचेच्या फ्रेमसकट घेतलंत तर रेल्वेच्या बर्थखाली ते टिकणार नाही, फ्रेम डोंबिवलीत करून घ्या. किमतींचा अंदाज यायला आधी पूंपुहार या सरकारी हस्तकला दुकानात चक्कर मारा.

मुलासाठी मान डोलावणारी बाहुली घ्याल, तर तिचं डोकं, धड आणि घागरा सुटे होतात आणि तारेवर तोललेले असतात. दुकानात डोलवून बघा, मग तिथेच सुटे करून प्रत्येक भाग निराळ्या कागदात गुंडाळून घ्या. सगळ्यात आधी तुटते ती मानेची तार, म्हणून डोकं वरच्या बाजूला ठेवून तो खोका मुलाच्या पाठपिशवीत द्या, सुटकेसमध्ये नको.